पित्याचा शाप आणि भिकाऱ्याचा आशीर्वाद

नाताळच्या दिवसांत वसईकडील किंवा गोव्यातील ख्रिस्ती वस्तीत गेले असता घरोघरी, अंगणांतून आणि चर्चच्या आवारांतून गवताने शाकारलेले लहान लहान गोठे मांडलेले दृष्टीस पडतात. गव्हाणीत निजलेला बाळ येशू, जवळ माता मरिया व योसेफ, भोवती मेंढपाळ आणि एका अंगास बैल व गाढव, असा तो देखावा असतो. गोकुळाष्टमीस आपल्याकडे मातीचे गोकुळ मांडतात, त्याचे स्मरण हे पाहून कोणासही व्हावे. ही चाल लोकांत रूढ करण्याचे श्रेय इटलीतील असिसी नगरीच्या संत फ्रान्सिस यांना दिले जाते. त्यांच्या निधनास २०२६ साली आठशे वर्षे होतात. आज आम्ही त्यांचे चरित्र निरूपणास घेतले आहे. परंतु ते केवळ गोठ्याकरिता नव्हे, तर एका शब्दाच्या अर्थाकरिता. तो शब्द म्हणजे आशीर्वाद.

पूर्वरंग झाल्यावाचून कीर्तनकाराने आख्यानास हात घालू नये, म्हणून प्रथम शब्दाचाच विचार करू. आ उपसर्ग लावलेल्या शास् धातूचा अर्थ इच्छिणे असा आहे. त्यावरून आशिस् हा शब्द झाला. वडीलधाऱ्यांना नमस्कार केला की ते मस्तकावर हात ठेवून आपले भले इच्छितात. दीर्घायुष्य, संतती, धनधान्य, विद्या, यश हे त्या इच्छेचे विषय. ख्रिस्ती उपासनेत अनेक शतके जी लॅटिन भाषा चालत आली, तिच्यात आशीर्वादाच्या शब्दाचा मूळ अर्थ चांगले बोलणे असा, आणि शापाच्या शब्दाचा अर्थ वाईट बोलणे असा आहे. म्हणजे दोन्ही वाणीचेच व्यापार. यहुद्यांच्या हिब्रू भाषेतील आशीर्वादवाचक शब्दाचे रूप गुडघा या अर्थाच्या शब्दाशी जुळते, आणि गुडघे टेकून नम्र झालेली मुद्रा त्यामुळे डोळ्यांपुढे येते. बायबलच्या जुन्या करारात अब्राहामास, इसहाकास व याकोबास मिळालेल्या आशीर्वादांत भूमी, कळप आणि वंशविस्तार यांचाच भर आहे. तेथवर आपल्या कल्पनेत आणि त्यांच्या कल्पनेत फारसे अंतर नाही.

अंतर पडते ते नव्या करारात. येशूने डोंगरावर जो उपदेश केला, त्यात दीनांना, शोक करणाऱ्यांना आणि ज्यांचा छळ होतो त्यांना धन्य म्हटले आहे. पुढे इफिस नगरीतील भाविकांस पौलाच्या नावाने जे पत्र आहे, त्याच्या आरंभीच असे प्रतिपादन केले आहे की, ख्रिस्ताच्या ठायी असलेल्यास सर्व आध्यात्मिक आशीर्वाद अगोदरच प्राप्त झाले आहेत. ते कोणते म्हणाल, तर सृष्टीच्याही पूर्वी झालेली निवड, पापांची क्षमा, पवित्र आत्म्याची मुद्रा, आणि या सर्वांच्या मुळाशी देवाने पुत्र म्हणून केलेला स्वीकार. त्या स्वीकारासाठी तेथे दत्तकाचा शब्द योजला आहे, आणि दत्तकामागोमाग वारसाही आलाच. आमच्या वाचकांस दत्तकविधान अपरिचित नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नियम आहे तो असा की, दत्तक गेलेल्या मुलास जनकपित्याचे गोत्र राहत नाही आणि त्याच्या धनावर हक्कही राहत नाही. नवे घर मिळते, परंतु जुने सुटते. रोमन लोकांच्या कायद्यातही दत्तकाचा परिणाम पुष्कळसा असाच होता. आध्यात्मिक आशीर्वादाचा हा जो दत्तकपक्ष, तो जसाच्या तसा एका माणसाच्या आयुष्यात घडलेला पाहावयाचा असेल, तर असिसीस जावे लागेल.

इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील असिसी नगरीत पिएत्रो बेर्नार्दोने नावाचा कापडाचा मोठा व्यापारी राहत असे. ११८१ किंवा ११८२ साली त्यास पुत्र झाला, तेव्हा तो व्यापारासाठी फ्रान्सकडे गेला होता. आईने मुलाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी जोव्हान्नी ठेवविले. परंतु परत आलेल्या बापाने त्यास फ्रान्चेस्को म्हणावयास आरंभ केला आणि तेच नाव जगात राहिले. तेव्हा ज्या नावाने पुढे कोट्यवधी लोकांनी या संताचा धावा केला, ते नाव त्या बापानेच लाडाने ठेवलेले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मुलगा उधळा निघाला. मित्रमंडळी, मेजवान्या, रात्री गल्ल्यांतून गाणी म्हणत हिंडणे, उंची वस्त्रे, हा त्याचा क्रम होता. बापास त्याचा खर्च बोचे, पण मुलावरील जीव त्याहून मोठा होता. १२०२ साली शेजारच्या पेरुजा नगरीशी युद्ध झाले. त्यात फ्रान्सिस पकडला गेला आणि सुमारे वर्षभर बंदिवासात पडला. सुटून आल्यावर दीर्घ आजार झाला. पुढे वीर होण्याच्या इच्छेने तो दक्षिणेतील युद्धास निघाला, परंतु स्पोलेतो येथे स्वप्नात झालेल्या प्रश्नाने मन पालटून मागे फिरला. चाकराची सेवा करावी की धन्याची, असा तो प्रश्न होता. याच काळात एकदा वाटेत त्यास महारोगी भेटला. महारोग्यांची त्यास पराकाष्ठेची किळस वाटे. त्या दिवशी मात्र तो घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. पुढे मरणापूर्वी सांगून लिहविलेल्या आपल्या अखेरच्या निवेदनात आपल्या पालटाचा आरंभ त्यांनी महारोग्यांपासूनच सांगितला आहे. जे कडू वाटे तेच गोड झाले, असा त्याचा आशय आहे.

असिसीच्या वेशीबाहेर सान दामियानो नावाचे एक पडके मंदिर होते. तेथे क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीपुढे प्रार्थना करीत असता, माझे हे पडते घर सावर, अशा अर्थाची वाणी त्याने ऐकली. त्याने तिचा अर्थ शब्दशः घेतला. बापाच्या दुकानातील भारी कापड घोड्यावर लादून फोलिन्यो गावी नेले, कापड विकले, घोडाही विकला, आणि ते पैसे मंदिराच्या पुजाऱ्यापुढे आणून ठेवले. पुजारी शहाणा होता. त्याने ते घेतले नाहीत. तेव्हा फ्रान्सिसने ती थैली खिडकीत भिरकावून दिली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. आपल्या तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली. पण बुडविण्यापूर्वी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याच्या स्वाधीन केला आणि केवळ आपल्या वाट्याची खते बुडविली, असे चरित्रकार सांगतात. वैराग्य आपल्या मालावर दाखवावयाचे असते. फ्रान्सिसने ते बापाच्या मालावर दाखविले, आणि या एका गोष्टीत पिएत्रोचा संताप आम्हांस अन्यायाचा वाटत नाही.

बाप शोधावयास आला, तेव्हा मुलगा एका भुयारात महिनाभर लपून राहिला. शेवटी भीती टाकून, वाळलेला व मळलेला, तो नगरात आला. लोकांनी वेडा म्हणून त्याच्यावर चिखल आणि दगड फेकले. तो गलबला ऐकून पिएत्रो बाहेर आला आणि पाहतो तो आपलाच मुलगा. त्याने त्यास ओढीत घरी नेले, मारले आणि अंधाऱ्या कोठडीत बांधून घातले. काही दिवसांनी तो बाहेरगावी गेला असता आईने बंधने सोडून मुलास जाऊ दिले, आणि त्याचे बोल पुढे तिला सोसावे लागले. या माउलीचे नाव पिका असे सांगतात. चरित्रकारांनी तिच्याविषयी फार थोडे लिहिले आहे. पण तो दोर सोडणारे हात तिचे होते.

पिएत्रोने मग नगराच्या अधिकाऱ्यांकडे फिर्याद केली. मुलाने उत्तर पाठविले की, आपण आता देवाचे सेवक झालो असून नगराचा अधिकार आपल्यावर चालत नाही. म्हणून प्रकरण असिसीच्या बिशपपुढे आले. हे साल १२०६ च्या सुमाराचे. बिशपने न्यायाचे सांगितले: पैसे बापाचे आहेत, ते परत कर, अशा धनाची देवाच्या घरास गरज नाही. फ्रान्सिसने पैसे परत केले, परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. अंगावरील वस्त्रेही बापाच्याच धनाची, म्हणून तीही एकेक करून उतरविली आणि भर लोकांसमक्ष बापाच्या पायांशी ठेवली. आजवर मी या पिएत्रोस पिता म्हणत होतो, यापुढे केवळ स्वर्गातील पित्यासच पिता म्हणेन, असे त्याने सर्वांस ऐकविले. आत अंगास लागून खरखरीत केसांचे वस्त्र होते, ते तेव्हा लोकांना दिसले. बिशपने पुढे होऊन आपला झगा त्याच्याभोवती लपेटला. पिएत्रोने पैसे आणि वस्त्रे उचलली व तो घरी निघाला. मुलाच्या अंगावर त्याने एक चिंधीही ठेवली नाही, याबद्दल लोक हळहळले व संतापले.

जनकाच्या गोत्राचा आणि धनाचा त्याग म्हणतात तो हाच. पत्रातील दत्तक हा शब्द येथे देहधारी झाला. येथून पुढे आम्ही फ्रान्सिसचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने करू.

घर सुटले, पण गाव सुटले नाही. फ्रान्सिस असिसीतच दारोदार हिंडून सान दामियानोसाठी दगड मागू लागले आणि पोटासाठी उष्टेमाष्टे अन्न मागू लागले. ज्या रस्त्यांवरून ते रेशमी वस्त्रांत मिरवले होते, तेच रस्ते, आणि त्यांवर बापाची गाठ पडणे अटळ. त्यांच्या तीन सोबत्यांच्या नावाने जे जुने चरित्र आहे, त्यात हा प्रसंग आला आहे. पूर्वी ज्या मुलावर एवढा जीव होता, त्याची ही दशा पाहून पिएत्रोस लाजेने आणि दुःखाने असह्य होई. आणि जेथे गाठ पडेल तेथे तो त्यास शाप देई.

आपल्या घरांतून वाढलेल्या वाचकास या वाक्याचे वजन सांगावयास नको. माता आणि पिता यांस देव मानण्याची शिकवण आपल्यास उपनिषदांपासून आहे. बापाचा शाप म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द नव्हे. प्रल्हादाचे उदाहरण मनात येईल. परंतु तेथे पिता देवाचा उघड वैरी होता. पिएत्रो काही हिरण्यकशिपू नव्हता. तो आपल्यासारखाच संसारी माणूस, चर्चला जाणारा, मुलाचे बरे व्हावे असे इच्छिणारा. फ्रान्सिसनाही तो शाप लागला, म्हणजे मनास लागला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही किंवा शापास शापाने उत्तरही दिले नाही. त्यांनी गावातील एक अत्यंत दरिद्री, कोणी न विचारणारा मनुष्य शोधला आणि त्यास विनविले की, आपण माझे पिता व्हावे. मला मिळालेल्या भिक्षेतील वाटा मी आपल्यास देईन. माझा बाप जेव्हा मला शाप देईल, तेव्हा मी आपल्याकडे वळून आशीर्वाद मागेन, आणि आपण माझ्यावर क्रुसाची खूण करून त्याच्या जागी मला आशीर्वाद द्यावा. मग रस्त्यात तसेच घडू लागले. एकीकडून शाप येई, दुसरीकडून भिकारी आशीर्वाद देई. शापाविरुद्ध आशीर्वाद देणारा बाप देव मला देऊ शकतो, हे आपल्यास पटत नाही काय, असे फ्रान्सिस पिएत्रोस विचारीत.

आम्ही हा प्रसंग अनेकदा मनात घोळविला आहे. आशीर्वाद देणाऱ्याजवळ काही असावे, निदान वय, विद्या, तप, ऐश्वर्य यांतील एक तरी असावे, अशी आपली समजूत. या भिकाऱ्याजवळ यांतील काही होते असे चरित्रकार सांगत नाहीत. त्याचे स्वतःचे असे काही नसल्यामुळेच त्याच्या तोंडून निघालेला शब्द फ्रान्सिसनी देवाचा म्हणून स्वीकारला असावा. आणि तरीही आमच्या मनास एक टोचणी राहते. त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पिएत्रोला ते दृश्य पाहून काय वाटले असेल? आपली जागा एका भिकाऱ्यास दिलेली बापाने पाहावी, ही गोष्ट लहान नाही.

पुढील वीस वर्षांचा विस्तार येथे करीत नाही. अनवाणी पाय, जाडेभरडे वस्त्र, कमरेस दोर, असा वेष घेऊन ते उपदेश करू लागले. असिसीचाच एक श्रीमंत गृहस्थ बेर्नार्दो आपले सर्व धन गरिबांस वाटून त्यांना येऊन मिळाला. १२०९ च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या बंधुवर्गास तोंडी मान्यता दिली. १२१२ साली क्लारा ही थोर घराण्यातील कन्या याच मार्गास लागली. त्यांच्या भेटीच्या रीतीविषयी मात्र सांगितले पाहिजे. कोणीही भेटला की प्रभू तुम्हांस शांती देवो अशा अर्थाचे अभिवादन ते करीत, आणि ते आपल्यास देवानेच शिकविले असे म्हणत. लोकांना ते चमत्कारिक वाटे, काहीजण रागावतही, आणि सोबतच्या बंधूला लाज वाटून त्याने दुसरे काही म्हणू या असे सुचविले. फ्रान्सिसनी ते सोडले नाही. शापाखालून आलेला मनुष्य भेटेल त्यास आशीर्वाद देत निघाला होता.

१२१९ साली ख्रिस्ती व मुसलमान यांचे धर्मयुद्ध चालू असता ते मिसर देशात दमिएत्ता येथे गेले आणि शस्त्रावाचून सुलतान अल् कामिल याच्या छावणीत शिरले. सुलतानाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले व सुखरूप परत पाठविले. पुढे सोळाव्या शतकात त्यांच्या पंथाचे मठवासी पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आले. त्या राजवटीत आपल्या देवळांवर काय ओढवले हे वाचकांप्रमाणे आम्हीही विसरलेलो नाही. जुन्या गोव्यात आज उभे असलेले त्यांच्या नावाचे चर्च १६६१ चे आहे. परंतु संताचे मोजमाप त्याच्या आचरणावरून करावे, आणि स्वतः फ्रान्सिस परधर्मीयाच्या दारी गेले ते रिकाम्या हातांनी गेले.

१२२३ च्या नाताळात ग्रेच्चो या डोंगरगावी त्यांनी जोव्हान्नी नावाच्या गृहस्थाकरवी एका गुहेत गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणविले. देवाचा पुत्र किती गैरसोयीत जन्मला हे या डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांची इच्छा. गावकरी मशाली घेऊन आले, गव्हाणीवरच पूजा झाली आणि फ्रान्सिसनी आपल्या गोड गळ्याने शुभवर्तमान गाइले. ते गवत मागे जपून ठेवण्यात आले. आजारी गुरांना ते चारले असता गुरे बरी झाली असे चरित्रकार थोमास सांगतो. सोन्याचांदीला हात न लावणाऱ्या संताचा प्रसाद गवताच्या काडीच्या रूपाने उरावा, हे आम्हांस फार शोभून दिसते.

पुढल्या वर्षी, १२२४ च्या सप्टेंबरात, ला व्हेर्ना पर्वतावर ते उपवास करीत असता ख्रिस्ताच्या घावांच्या खुणा त्यांच्या हातापायांवर व कुशीत उमटल्या. सोबत लिओ नावाचा बंधू होता. त्यास त्या दिवसांत मनाची मोठी तळमळ लागली होती आणि गुरूच्या हातचे काही लिहिलेले मिळावे अशी इच्छा होती, पण मागण्याचा धीर होईना. फ्रान्सिसनी आपण होऊनच शाई व चर्मपत्र मागविले. एका बाजूस देवाची स्तुती लिहिली. दुसऱ्या बाजूस, देव तुझे रक्षण करो, आपले मुख तुजकडे करो व तुला शांती देवो या आशयाचा, मोशेच्या काळापासून पुरोहित देत आलेला आशीर्वाद लिओचे नाव घालून लिहिला, आणि टाव् अक्षराची क्रुसासारखी खूण काढली. जवळ ठेव, मरेपर्यंत जप, असे सांगून ते त्यास दिले.

यानंतर त्यांचे शरीर ढासळत गेले. पूर्वेकडील प्रवासात जडलेल्या नेत्ररोगाने दृष्टी जवळजवळ गेली. वैद्याने तापलेल्या लोखंडाने गालापासून भुवईपर्यंत डाग देण्याचे ठरविले. सोबतचे बंधू ते पाहवेना म्हणून पळाले. फ्रान्सिसनी अग्नीस बंधू म्हणून हाक मारली, आपल्यावर कृपाळू होण्याची विनंती केली आणि त्या तप्त लोखंडावर आशीर्वादाची खूण केली. याच सुमारास, १२२५ साली, त्यांनी सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांस भाऊबहिणी म्हणून देवाचे स्तवन करणारे गीत रचले, तेही लॅटिनमध्ये नव्हे तर आपल्या उंब्रियाच्या बोलीत. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्रास त्याचे महत्त्व समजेल. असिसीचा बिशप आणि नगराधिकारी यांचे तेव्हा हाडवैर झाले होते. फ्रान्सिसनी क्षमा करणाऱ्यांविषयीचे एक कडवे त्या गीतात नवे घातले, दोघांना एकत्र बोलाविले आणि बंधूंकडून ते त्यांच्यासमोर गाववले. गाणे संपताच नगराधिकाऱ्याने बिशपचे पाय धरले आणि बिशपने त्यास उठवून आलिंगन दिले. आमच्या व्यवसायातील माणसास याहून मोठे प्रमाणपत्र नको.

पण बाप-लेकांच्या समेटाचा प्रसंग कोणत्याही जुन्या चरित्रात नाही. वैऱ्यांचे मनोमीलन ज्यांच्या एका कडव्याने झाले, त्यांच्या स्वतःच्या घरातील ती जखम ग्रंथांतून उघडीच राहिली आहे. पुढील काळातील भाविकांनी येथे एखादी गोड आख्यायिका जोडली असती तर आम्हांस नवल वाटले नसते.

अंत जवळ आल्यावर त्यांना डोंगरावरील नगरातून खाली पोर्चिउंकुला येथील छोट्या मंदिराकडे खाटेवरून नेण्यात येत होते. वाटेत त्यांनी खाट थांबवावयास सांगितली व तोंड असिसीकडे वळवविले. डोळ्यांनी काही दिसत नव्हते. जेथे दगड आणि चिखल मिळाला, जेथे बापाने शापिले, त्या नगरीस त्यांनी अंथरुणावरून हात उचलून आशीर्वाद दिला. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी, उघड्या भूमीवर निजविण्यास सांगून, त्यांनी देह ठेवला. वय चव्वेचाळीसच्या आसपास होते.

लिओ त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षे जगला. ते चर्मपत्र तो घडी घालून अंगाशी बाळगीत असे, आणि हे आपल्या गुरूंनी स्वहस्ते लिहिले अशी टीप त्याने लाल शाईने त्यावर करून ठेवली. असिसीच्या महामंदिरात ते आजही जतन केलेले आहे. आकार जेमतेम तळहाताएवढा, काळपट पडलेला, घड्यांच्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि स्तुतीच्या बाजूची शाई वर्षानुवर्षांच्या घर्षणाने बरीचशी पुसट झाली आहे. आशीर्वादाची बाजू मात्र वाचता येते.